ताईच्या लॅपटॉपसाठी

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकणारे सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणायचे, तेही तोंडावर. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून ज्यानं उभा जन्म जादाच्या ब्रेकवर पाय ठेवून काढला, त्याला दुसरं काय म्हणणार? सवय इतकी हाडात मुरलेली, की घरी बायकोची सुरी भाजी चिरताना बोटाजवळ आली तरी मास्तरांचा पाय फरशीवर दाबला जायचा. माणूस मोठा मायाळू, पण त्याची माया म्हणजे दुसऱ्याच्या आधी आपणच ब्रेक मारून मोकळं व्हायचं.

अशा घरात त्यांची थोरली बहीण राहायला आली. ती राहत होती ती इमारत पाडायला काढली होती. ताई सगळ्यांची ताई, वयानं उतरलेली, पण पाठ ताठ. लहानपणी तापात तिचे डोळे गेले होते. आई दिवसभर कामावर, म्हणून धाकट्याला वाढवलं ते ताईनंच. दूध उतू जाण्याआधी भांड्याचा आवाज बदलतो, हे मास्तर तिच्याकडूनच शिकले. पुढे तिनं एका मोठ्या कचेरीत टेलिफोन सांभाळला, आणि निवृत्त झाल्यावर इंटरनेटवरून येणाऱ्या रेडिओच्या मुलाखती ऐकून त्या टाइप करून द्यायचं काम घेतलं. येताना तिनं एक बॅग आणली आणि शालीत गुंडाळलेला जुना लॅपटॉप.

या लॅपटॉपमध्ये एक बोलणारा प्रोग्रॅम होता. पडद्यावर जे येईल ते तो वाचून दाखवायचा, नाकातल्या नाकात, छडी घेऊन उभं राहिल्यासारखा. ताई त्याला पंतोजी म्हणायची. पंतोजी चालायचे ते फक्त त्या जुन्या सिस्टिमवर. नवी टाकली की त्यांची वाचा बंद. आणि अडचण अशी, की लॅपटॉपमधलं वायरलेस कार्ड सिस्टिमइतकंच जुनं होतं. आधीच्या घरी ताई वायर जोडायची, तेव्हा त्याची गरजच पडली नव्हती. इथल्या नव्या राउटरचा पासवर्ड मात्र त्या कार्डाच्या डोक्यावरून जायचा. राउटर बाहेरच्या खोलीत, ताईची खोली मागे. मास्तरांनी लांबलचक वायर ओढली, तर दुसऱ्याच दिवशी ताई तिच्यात पाय अडकून भिंतीवर आपटली.

झालं. मास्तरांनी ताईला न विचारताच नवाकोरा लॅपटॉप आणला.

"छान आहे रे," ताई त्याच्यावरून हात फिरवत म्हणाली.

मास्तर खूश. पण थोड्या दिवसांनी बायकोनं त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "वन्सं रोज त्याच्यापुढे बसतात, पण काम काही पुढे सरकत नाही. जेवणही कमी झालंय. तुम्ही विचारा, मला सांगणार नाहीत त्या."

दुपारी मास्तर मागच्या खोलीच्या दाराशी गेले. नव्या लॅपटॉपमधून एक बाई गोड आवाजात भराभर बोलत होती, आणि ताईची बोटं कीबोर्डवर नुसती अधांतरी होती.

"ताई, जमत नाहीये का?"

"जमेल." मग तिनं बोटं मांडीवर घेतली. "धाकट्या, आंधळी असल्याचं मला आजवर कधी ओझं वाटलं नव्हतं रे. जुन्यावर बोटं आपली आपण चालायची. या बाईच्या घरात मी रोज नव्यानं चाचपडते."

मास्तर जुना लॅपटॉप पुन्हा शालीत गुंडाळून थेट बाजारामागच्या गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले.

दुकान चालवणारी बाई कपाळावर भिंग चढवून बसली होती. तिनं लॅपटॉप उघडून पाहिला. "काका, सिस्टिम बदलून देऊ का? सगळे प्रश्न मिटतील."

"पंतोजी मुके होतील," मास्तर म्हणाले, आणि मग पंतोजी कोण हे समजावून सांगावं लागलं.

ती हसली नाही. तिनं स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाली, "मग बाहेरून लावायचं कार्ड घेऊ. आतलं बदलता येणार नाही. या कंपनीचा लॅपटॉप आतल्या खाचेत दुसरं कार्ड दिसलं की सुरूच होत नाही. यूएसबीचं चालेल. पण एक लक्षात घ्या, कार्ड मिळणं सोपं आहे. या जुन्या सिस्टिमला चालेल असा त्याचा ड्रायव्हर मिळणं अवघड."

"ड्रायव्हर?" मास्तर ताठ झाले. "अहो, तेच तर माझं काम! निम्म्या गावाला ड्रायव्हर मी केलंय."

या वेळी ती मनापासून हसली. मग तिनं सांगितलं, की ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि सिस्टिम यांची गाठ घालून देणारा छोटा प्रोग्रॅम. नव्या कार्डांसाठी कंपन्या तो जुन्या सिस्टिमचा बनवतच नाहीत. तिनं चालणाऱ्या एका कार्डाचं नाव कागदाच्या कपट्यावर लिहून दिलं. तिच्याकडे ते नव्हतं.

मास्तरांनी पेठ पालथी घातली. नावाचं कार्ड मिळालं, लावलं, आणि लॅपटॉप ढिम्म. दुकानातल्या बाईनं ते भिंगाखाली धरलं. "नाव तेच आहे, काका, पण ही नंतरची आवृत्ती. कंपनीनं खोकं तेच ठेवलं आणि आतली चिप बदलली. हे बघा, लेबलावर बारीक अक्षरात आहे."

"हा तर शुद्ध गनिमी कावा झाला!" मास्तर वैतागले. "त्यापेक्षा राउटरचाच पासवर्ड जुन्या पद्धतीचा केला तर?"

"मग घराचं दार सताड उघडं टाकल्यासारखं होईल. कोणीही आत येईल."

शेवटी तिनंच जुन्या सुट्या भागांचं खोकं टेबलावर पालथं केलं. मास्तर चष्मा सावरत आणि ती भिंग लावून, दोघं एकेक लेबल वाचत बसले. जुन्या सिस्टिमला चालतील अशी दोन कार्डं हाती लागली. एक भलं मोठं, वर अँटेना, वेगवान. दुसरं नखाएवढं, संथ. दोन्हींचे ड्रायव्हर तिनं पेनड्राइव्हवर भरून दिले आणि बजावलं, "या लॅपटॉपवर फक्त काम करायला सांगा. बँकेचं वगैरे काही नको, सिस्टिम जुनी आहे."

मास्तरांचा हात मोठ्या कार्डाकडे गेला. ताईला चांगलंच द्यायचं, यात विचार तो काय करायचा! पण खिशात ते एकटंच टाकता टाकता हात अडखळला. आल्यापासून ताईची खाट कुठे असावी, तिनं चहा कुठल्या कपातून प्यावा, इतकंच काय, तिला किती वाजता झोप यावी हेही त्यांनीच ठरवलं होतं. "दोन्ही देता का?" त्यांनी विचारलं. "नको असेल ते परत आणून देतो."

घरी येऊन त्यांनी लॅपटॉप ताईपुढे ठेवला आणि दोन्ही कार्डं तिच्या तळहातावर. "हे मोठं वेगवान आहे. हे छोटं हळू आहे. तुला कुठलं हवं?"

ताईनं दोन्ही कार्डं बोटांनी चाचपली. "मला विचारतोयस?"

"तुलाच. लॅपटॉप तुझा आहे."

ताईनं तोंड खिडकीकडे वळवलं आणि पदरानं नाक पुसलं. मग खुर्ची ओढून बसली. ड्रायव्हर तिनं स्वतःच टाकले. पंतोजी एकेक ओळ वाचत होते आणि ती बटणं दाबत होती. मास्तर हात मागे बांधून उभे.

आधी मोठं कार्ड लावलं. फाइल झरझर उतरायला लागली, पण तो वेग जुन्या लॅपटॉपला झेपेना आणि पंतोजी दर शब्दाला उचकी लागल्यासारखे अडखळू लागले. मग छोटं लावलं. फाइल मुंगीच्या पावलानं येत होती. पंतोजी मात्र पूर्वीसारखेच खणखणीत नाकात बोलले.

"हे," ताई म्हणाली. "फाइल येईपर्यंत मी चहा पिऊन घेईन. अडखळणारा माणूस मात्र दिवसभर ऐकवत नाही."

"नवा लॅपटॉप परत करू का?"

"कशाला? तुझ्या बायकोला दे, तिचा कधीपासून डोळा आहे त्याच्यावर. मला आवाजावरून कळतं."

मुलाखत उतरली. कोणीतरी म्हातारा माणूस आपल्या शेळ्यांबद्दल सांगत होता. ताईनं कान देऊन थोडं ऐकलं, गालातल्या गालात हसली, आणि बोटं धावायला लागली. मास्तर तसेच खाटेच्या कडेला टेकले. इतकी वर्षं ती दूर राहिली. तिला काम करताना त्यांनी असं कधी पाहिलंच नव्हतं. शाळकरी असताना याच बोटांना धरून ते रस्ता ओलांडायचे, आणि लोकांना वाटायचं की पोरगं आंधळ्या बहिणीला नेतंय.

"धाकट्या," ताई टायपिंग न थांबवता म्हणाली, "तू अजून इथंच आहेस ना?"

"हो. काही हवंय?"

"हवंय. तू बाहेर जायला हवंय. तुझ्या श्वासाचा आवाज येतोय माझ्या शेळ्यांमध्ये."

मास्तर उठले आणि दार हळूच ओढून घेऊन बाहेर आले. बायको समोरच उभी होती. "काय झालं? काय म्हणाल्या?"

"हाकललं मला," मास्तर म्हणाले, आणि त्यांचं तोंड हसून हसून फाकलं होतं.