वाहेदभाईंचा आवाज, आवृत्ती दुसरी

अमरावतीहून चांदूर बाजारकडे जाताना आमचं गाव लागतं. लागतं म्हणजे तिथे एसटी थांबते, एवढंच. या गावात वर्षानुवर्षं जे काही घडलं, ते वाहेदभाईंनी सांगितल्यावर घडलं. नळाला पाणी येणार नाही, रक्तदान शिबिर आहे, कोणाची शेळी हरवली, कोण वारलं, सगळं ऑटोच्या टपावरच्या भोंग्यातून. पेपरात आलेली बातमीसुद्धा लोक वाहेदभाईंना विचारून खरी करून घेत.

माणूस उंच, किडकिडीत. घरात हिंदी-उर्दू, बाजारात वऱ्हाडी आणि भोंग्यावर दोन्हींची खिचडी. "किसनराव पाटलांचा आज सकाळी इंतकाल झाला, माती तीन वाजता हाये," असं ते पुकारत. इंतकाल झाल्याबद्दल किसनरावांच्या घरच्यांनी कधी तक्रार केली नाही. तिकडे हाजीसाहेबांचीही 'मातीच' व्हायची आणि त्यालाही मोहल्ल्यात कोणी हरकत घेतली नाही. आमचं गाव मागासलेलं होतं, त्यामुळे कोण कोणत्या भाषेत मेलं याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

वाहेदभाईंचे दोन हट्ट होते. मयताचं पुकारायचं तर आधी त्या घरी जाऊन बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, घरच्यांना विचारून नाव नीट घ्यायचं आणि मगच भोंगा सुरू करायचा. दुसरा हट्ट म्हणजे वशीकरणवाले बाबा आणि दारूची दुकानं, यांची जाहिरात करायची नाही. "जे माह्या घरात चालत नाई, ते दुसऱ्याच्या घरात मी कायले घालू?" असं म्हणून ते गिऱ्हाईक परत पाठवत. धंद्याची अक्कल नव्हती, दुसरं काय.

ही अक्कल गावात शुभमनं आणली. शुभम आमच्याच गावचा, पुण्यात शिकून अमरावतीला परतलेला. पुण्यात नोकरी लागली नाही असं गाव म्हणायचं. 'मुळांकडे परतलो' असं तो म्हणायचा. त्यानं 'बोलघर' नावाची कंपनी काढली होती. कंपनी काय करते, हे विचारल्यावर तो अशा मराठीत सांगायचा की विचारणाऱ्यालाच आपण अडाणी असल्याची लाज वाटावी.

एक दिवस तो वाहेदभाईंकडे आला. "चाचा, तुमचा आवाज म्हणजे वारसा आहे. तो जतन झाला पाहिजे."

"मी कुठी चाललो बाप्पा?" वाहेदभाई म्हणाले.

"तसं नाही. ॲक्च्युअली माणूस जातो, आवाज राहतो."

खातूनबींना, म्हणजे वाहेदभाईंच्या बायकोला, हे वाक्य मुळीच आवडलं नाही. पण वाहेदभाईंना 'वारसा' हा शब्द आवडला. आतापर्यंत त्यांना लोक 'भोंगेवाले' म्हणत आले होते.

अमरावतीला एका खोलीत, भिंतींना स्पंज लावलेला, तिथे त्यांना बसवलं आणि कागदावरची वाक्यं वाचायला दिली. 'मला आपणांस नम्रपणे कळवावेसे वाटते.' वाहेदभाईंनी वाचलं, "मले आपनाले..." काचेपलीकडून शुभम म्हणाला, "चाचा, मले नाही, मला."

"मी मले म्हनलो का?"

"हो."

"मले तं नाई वाटत."

वारसा जतन करण्याआधी असा तो दुरुस्त करून घेण्यात आला. शेवटी एका करारावर सही घेतली, शाल दिली, नारळ दिला आणि मानपत्र दिलं. मानपत्रावर नाव होतं 'श्री. वेद'. त्यांचा आवाज शिकून घेणाऱ्या कंपनीच्या मशीनला 'वाहेद' हा शब्द चुकलेला वाटला, म्हणून तिनं तो सुधारला, असं शुभमनं सांगितलं. वाहेदभाईंनी ते दिवाणखान्यात लावलं. पाहुण्यांनी विचारलं तर म्हणत, "मीच हाओ तो."

महिन्याभरात चौकातल्या खांबांवर कर्णे लागले. व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली होती. कर्ण्यांतून वाहेदभाईंचा आवाज यायला लागला, तोच भरदार, तोच किंचित अनुनासिक. फक्त तो आता 'सर्व सुजाण नागरिकांना सूचित करण्यात येते की' असं बोलत होता. वाहेदभाई चौकात उभे राहून ऐकत. आपण एवढे शिकलो कधी, याचं त्यांनाही नवल वाटे.

वाहेदभाईंचे दोन्ही हट्ट मशीनला कोणी सांगितले नव्हते. रमजान लागला आणि पहिल्याच आठवड्यात खातूनबी बाजारातून पिशवी तशीच टाकून घरी आल्या.

"क्यों जी, रोजे में बियर बार का पुकार रहे तुम? एक पे एक फ्री?"

"मैं तो घर में बैठा हूँ."

"वो मेरे को मालूम है. मोहल्ले को कौन समझाए?"

मोहल्ल्याला समजावणं कठीणच होतं. मशिदीत लोक सलाम घेत, पण जरा उशिरा घेत. मग वशीकरणवाल्या बाबाचं 'रूठी प्रेयसी, सौतन, मुठकरणी, चोवीस तासांत गुण' असं सुरू झालं, तेव्हा शेजारची शकुन खरंच विचारायला आली, "भाऊ, तुमी सांगता म्हन्जे बाबा खराच असन ना?" वाहेदभाईंनी तिला हात जोडले. ती नाराज होऊन गेली. चांगला बाबा माहीत असून लपवतात, असं तिचं मत झालं.

या सगळ्यात वाहेदभाई मन मोकळं करायला जात ते सहदेवकडे. सहदेव गावाबाहेर झेंडू, निशिगंध, गुलाब लावायचा. त्याचीच फुलं मारुतीला जात आणि त्याचीच दर्ग्यावरच्या चादरीला. दोघं तरुणपणापासूनचे दोस्त. वाहेदभाईंनी कैफियत मांडली की सहदेव फुलं निवडता निवडता हसायचा.

"लेका, बजारात पिलास्टिकचे फुलं आले तवा मी काय मेलो का? तुया आवाजाचं पिलास्टिक निंघालं समज."

"पिलास्टिकच्या फुलाले कोनी 'सहदेव' म्हनत नाई ना बे. त्याले समदे वाहेद म्हंतेत."

सहदेवनं चहा मागवला.

दरम्यान अकोल्याला एका महाविद्यालयात परिसंवाद झाला: 'उत्तर-आधुनिक तंत्रसमाज: अस्मिता, भाषा आणि मूल्ये'. शुभमनं वाहेदभाईंना सोबत नेलं. व्यासपीठावर त्यांना मशीनच्या शेजारी खुर्ची मिळाली. वक्ते एकामागून एक उठले आणि आज माणूस हरवला आहे असं सांगून बसले. तो शेजारीच बसला होता, पण त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. मग मशीननं वाहेदभाईंच्या आवाजात सर्वांचं स्वागत केलं. टाळ्या पडल्या. वाहेदभाई सवयीनं उठून नमस्कार करायला गेले, तेव्हा निवेदकानं खाली बसायची खूण केली.

माधवी नावाच्या प्राध्यापिकेनं मात्र नेमकं विचारलं, "या आवाजात वऱ्हाडी कुठे आहे? हा माणूस असा बोलतो का?" बाई खरं तेच बोलत होत्या. पण श्रोत्यांतून एक गृहस्थ उठले. म्हणाले, या सद्गृहस्थांची मातृभाषा उर्दू असणार, तेव्हा यांची वऱ्हाडी अस्सल कशी मानायची?

वाहेदभाईंनी माईक ओढला. "साहेब, मंग जल्मभर मी कोनती बोलून राहिलो?"

ते खरंच विचारत होते. निवेदक म्हणाले, अतिशय मार्मिक प्रश्न, परंतु वेळेअभावी आपण भोजनाकडे वळू या. माधवीताईंनी जाताना वाहेदभाईंचा नंबर घेतला, सविस्तर बोलायचं म्हणून. फोन काही आला नाही.

'वऱ्हाडी कुठे आहे' हे शुभमनं मनावर घेतलं. आता वऱ्हाडी आणायची कुठून? वाहेदभाईंच्या घरून त्याच्या कचेरीपर्यंत ऑटोनं जाता येतं, पण त्यानं ती मोबाइलवरून आणली. विनोदी रील करणारी पोरं असतात, दर वाक्याला 'बाप्पा', दर शब्दाला 'बे', आणि मध्ये एक शिवी. तसली शेकडो रीलं मशीनला ऐकवली आणि 'आवृत्ती दुसरी, अस्सल वऱ्हाडी' बाजारात आली. आता कर्णा ओरडायचा, "अय बापू, नळ बंद हाये ना बे, आंघोळ कायची करतं लेका!" गाव पोट धरून हसलं. आपण असे बोलतो, हे गावाला मशीनकडून कळलं आणि काही पोरं तसं बोलायलाही लागली.

एका सकाळी वाहेदभाई खातूनबींचे डोळे दाखवायला अमरावतीला गेले होते. दुपारच्या आत परतले, एसटीतून उतरले आणि खांबावरचा कर्णा बोलू लागला.

"अय लोकहो, कान इकडं करा बे! आपले फुलवाले सहदेवभाऊ गेले ना बाप्पा वरतं! आता देवालेच हार विकतीन लेकाचे! माती एक वाजता हाये, समदे या, नाई तं भूत बनून येतीन! ही सूचना तुमच्यापर्यंत आणली, ठिबक सिंचनाच्या मजबूत पाइपांनी!"

सहदेव गेल्याची बातमी वाहेदभाईंना वाहेदभाईंनीच दिली. पानठेल्यावरची दोन पोरं हसली, मग त्यांना पाहून गप्प झाली. वाहेदभाई तिथेच उभे राहिले. खातूनबींनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "चलो, उनके घर चलो."

सहदेवच्या दारात माणसं जमली होती. झोपेतच गेला होता तो. त्याच्या पुतण्यानं कंपनीला मोबाइलवर नाव आणि वेळ कळवली होती, पुढचं सगळं मशीननं स्वतःच्या हुशारीनं केलं. सहदेवचा मुलगा मनोज ओट्यावर बसला होता. वाहेदभाईंना पाहून तो उठला नाही.

"चाचा, माह्या बापाची मस्करी केली तुमी."

"मी नाई बोललो, मनोज. मी तं गावात नव्हतो."

"आवाज तं तुमचाच व्हता."

"आवाज माहा व्हता," वाहेदभाई म्हणाले. आतून सहदेवची बायको माणिकबाई रडत होती. ते आत जाऊन भिंतीशी बसले. कोणी दिलं नाही, म्हणून माठातलं पाणी स्वतःच घेऊन प्याले. मग माणिकबाईला विचारलं, "वयनी, नाव पुरं सांगा." तिनं सांगितलं. त्याचं पूर्ण नाव त्यांना तिच्याइतकंच पाठ होतं, तरी त्यांनी विचारलं.

भोंगा घरात धूळ खात पडला होता. त्यांनी तो ऑटोवर बांधला आणि गल्लोगल्ली फिरले. "आपल्या गावातले सहदेव देवमन राऊत यांचा आज सकाळी इंतकाल झाला. भला मानूस व्हता. माती एक वाजता हाये. हे मी वाहेद सोताच्या तोंडानं सांगून राहिलो." शेवटचं वाक्य त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच जोडावं लागलं. तरी एका दारातून कोणी विचारलंच, "हे वरिजनल हाये का मशीनवालं?" वाहेदभाईंनी ऑटो थांबवला, खाली उतरले आणि त्या माणसाला तोंड दाखवलं.

मातीला बरीच माणसं आली. वाहेदभाईंनी खांदा दिला. मनोजनं त्यांना अडवलं नाही, पण बोललाही नाही.

दुसऱ्या दिवशी शुभम आला. त्याला वाईट वाटलं होतं, तसं त्यानं सांगितलंही. दुखवट्यासाठी वेगळा 'भाव' निवडायचा पर्याय होता, पुतण्यानं तो दाबला नाही, असा एकंदर दोष निघाला.

"मायं एक काम कर," वाहेदभाई म्हणाले. "तो आवाज काढून टाक."

"चाचा, तो आता तुमचा नाही ना. म्हणजे आहे तुमचाच, पण हक्क कंपनीचे. उलट काल तुम्ही भोंग्यावर बोललात, ते तांत्रिकदृष्ट्या..." त्यानं खातूनबींकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

"मंग मी कोनाच्या आवाजात बोलू?"

शुभमनं यावर विचार करतो असं सांगितलं. तो बहुधा अजून करतो आहे. कंपनीची भरभराट आहे. सेमाडोहकडे जंगल पाहायला जाणाऱ्यांच्या गाड्यांत आता वाहेदभाई बोलतात, "वाघ दिसला तं चिल्लावू नोका बाप्पा!" पुण्याकडच्या पर्यटकांना ही बोली फार गोड वाटते. आमच्या चौकातले कर्णेही चालू आहेत. व्यापाऱ्यांनी दुखवट्याची सूचना तेवढी बंद केली. तिच्यात जाहिरात नीट बसत नव्हती.

तेरवी जवळ आली तेव्हा मनोज वाहेदभाईंच्या दारात येऊन उभा राहिला.

"चाचा, तेरवीच्या जेवनाचं सांगाचं हाये गावाले. तुमी सांगसान का?"

"सांगतो. भोंगा नाई लावत पन."

"मंग?"

"घरोघरी जातो."

आणि गेले. उन्हातान्हात, दार वाजवून, प्रत्येक घरी थांबून, नाव घेऊन. काही घरांनी पाणी दिलं. काहींनी सहदेवची एखादी आठवण सांगितली, तीही त्यांनी उभ्याउभ्या ऐकून घेतली. शकुननं बाबाचा पत्ता पुन्हा विचारला, तोही त्यांनी पुन्हा दिला नाही. फिरून झाल्यावर ते माणिकबाईला सांगायला गेले, तेव्हा गळ्यातून नुसती घरघर निघत होती.

"कोन हाये?" माणिकबाईनं आतून विचारलं.

"मी, वाहेद."

ती दारापर्यंत आली. "तुमी हाये का? वळखूच नाई आले. आवाज पार बसला तुमचा."

"बसला, वयनी."

"बसू द्या. या, आत या."

वाहेदभाई चपला काढून आत गेले.