आत्याबाईंचा हात आणि ॲम्प्लिफायर

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी आमच्या यजमानांनी नगरहून एक जुना ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची पेटी विकत आणली. कोल्हारच्या घरी रेकॉर्ड प्लेअर आधीपासून होता. आता ओसरीवर बसून सगळ्यांना गाणी ऐकता येतील, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या संध्याकाळी शेजारपाजारचे जमले. बटण फिरवलं आणि पेटीतून 'घूंऽऽ' असा आवाज सुरू झाला, तो थांबेचना. गाणं लागलं, पण लांबून कुठून तरी आल्यासारखं. माझे सासरे थोडा वेळ कान देऊन म्हणाले, "पिठाच्या गिरनीत कुनीतरी गातंय."

यजमानांनी झाकण काढून आतले काचेचे व्हॉल्व्ह पुसले, वायरी बदलल्या, स्पीकर दुसऱ्या भिंतीला लावला. घूं कायम. शेवटी ॲम्प्लिफायर गोधडीत गुंडाळून एस.टी.नं नगरला नेला. दुकानदारानं पत्र्याच्या टेबलावर ठेवून वाजवला, तर आवाज स्वच्छ. "याला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

घरी आणून लाकडी टेबलावर ठेवला, की पुन्हा घूं.

"नगरात शान्यासारखं ऱ्हातंय आन् हितं आलं की रडतंय," आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्याकडे बघत म्हणाल्या. "माहेरची वढ आसंल."

एका दुपारी रेकॉर्ड लावून यजमान ॲम्प्लिफायरपुढे हताश बसले होते. आत्याबाई भांडी घासून आल्या आणि टेबल झाडायचं म्हणून ॲम्प्लिफायरच्या लोखंडी पेटीवर हात ठेवला. घूं थांबलं. गाणं एकदम माजघरात आल्यासारखं मोठं झालं. त्यांनी हात काढला, घूं सुरू.

"आई, पुन्हा ठिव बरं हात."

पुन्हा शांत. यजमानांनी स्वतःचा हात ठेवला, तर घुमणं तसंच. दोनदा ठेवून पाहिला.

"त्याला मानूस कळतं," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या.

त्या दिवसापासून गाणी लावायची, तर आत्याबाईंनी पेटीवर हात ठेवून बसायचं, असा रिवाज पडला. बायका त्यांना स्टूल देत, चहा आधी त्यांना. त्यांचा डोळा लागला की हात घसरे आणि सगळी ओसरी दचके. मीही एकदा हळूच बोट टेकवून पाहिलं. तो माझ्याही बोटाखाली गप्प बसला. नव्या सुनेनं असलं काही बोलून दाखवायचं नसतं. पण मी विचार करत राहिले. घरात सारवलेल्या जमिनीवर आम्ही दोघी अनवाणी असायचो आणि यजमानांच्या पायात सदा रबरी चपला.

ते एकटे होते तेव्हा मी म्हटलं, "अहो, चपला काढून हात लावा ना."

त्यांनी लावला. घूं थांबलं. माझ्याकडे आणि चपलांकडे आळीपाळीनं बघत ते म्हणाले, "म्हंजे ह्याला जमीन पायजे."

दुकानदाराच्या पत्र्याच्या टेबलाला जमिनीत गेलेली तार असणार, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी पेटीला तांब्याची तार जोडली, खिडकीतून बाहेर काढली आणि मागच्या अंगणात लोखंडी कांब ठोकून तिला बांधली. घुमणं गेलं. आत्याबाईंना काही ते फारसं रुचलं नाही. "तारंचा काय भरवसा," म्हणत त्या अजून पेटीजवळच बसायच्या.

पण उन्हाळ्यात जमीन खडखडीत वाळली आणि घूं परत आलं. कांबेपाशी पाणी ओता, असं यजमान म्हणाले.

"मानसाला प्यायला न्हाई आन् ह्याला पाजायचं व्हय?" आत्याबाईंनी हंड्यावर झाकण ठेवलं.

शेवटी यजमानांनी आपली आंघोळच कांबेशेजारी हलवली. अंगणात दगडावर बसून ते घाईघाईनं दोन तांबे अंगावर घेत. गाणी ऐकायला आलेली माणसं कुंपणापलीकडून बिनदिक्कत विचारत, "झाली का तुमची आंघोळ?" आणि ते साबण लावलेल्या तोंडानं म्हणत, "जरा थांबा, मुरू द्या."