तीनचा भोंगा की धोक्याचा

आमच्या खेळात घड्याळाला बंदी होती. खेळ चालवायचा माझ्या मैत्रिणीचा भाऊ. तो मुंबईला हॉस्टेलवर होता आणि सुट्टीत रोह्याला आला की नियमांच्या पुस्तकाच्या झेरॉक्स घेऊन यायचा. कागद, पेन्सिल, फासे आणि तोंडाची वाफ, एवढ्यावर आम्ही दुपारभर राक्षस मारायचो. मैत्रीण योद्धा, मी जादूगारीण, आणि राक्षस, पाऊस, दरवाजे सगळं तो. "इथं खेळातली वेळ चालणार, बाहेरची नाय," म्हणत तो आमची मनगटी घड्याळं डब्यात टाकायला लावायचा, भिंतीवरच्या घड्याळाचा सेलसुद्धा काढायचा. शहाणाच होता मेला!

त्या दिवशी आई-बाबा पेणला, रामवाडीच्या मावशीकडे गेले होते. दादा फर्स्ट शिफ्टला होता, घरापासून सायकलच्या अंतरावर असलेल्या एका केमिकल कंपनीत. तीनला सुटायचा. तीनचा भोंगा एकच, लांबलचक. आत काही गळलं की तोच भोंगा तुटक-तुटक वाजणार, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

वाद पेटला तो वेळेच्या मंत्रांवरून. वेगाचा मंत्र मारला की एका खेपेत दोनदा वार करता येतो, पण माणसाचं वय एका वर्षानं वाढतं. शत्रूनं उलट संथ मंत्र मारला की दोन्ही मंत्र फुकट जातात, आणि वाढलेलं वर्ष काही परत मिळत नाही. इथपर्यंत मला मान्य होतं. मी मैत्रिणीच्या योद्ध्यावर आणि स्वतःवर वेगाचा मंत्र मारला आणि मग वेळच थांबवली. आता जादूगार तेवढा हलणार, बाकी सगळे पुतळे. पण मी दुप्पट हलणार की नाही?

"वेळच नाय तर दुप्पट कशाची?" मैत्रिणीचा भाऊ म्हणाला.

"अरे वा! एक वर्ष म्हातारी झालेय मी, ते काय उगाच?"

"आणि माझं काय?" मैत्रीण मध्येच. "मी पुतळा होऊन उभी, तेव्हा माझा वेग संपत जातो की तोही थांबतो?"

"थांबतो!" मी. "संपतो!" तो. मग मी म्हटलं, ते मरू दे, थांबलेल्या वेळेत मी हिला राक्षसापुढून उचलून बाजूला ठेवते. तर हा कागदावर बोट ठेवून म्हणतो, "थांबलेल्याला हात लावता येत नाय. ना मारता, ना उचलता."

"मग काय चुलीत घालायचाय असला मंत्र?" मी इतकी ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. आणि तेवढ्यात भोंगा थांबला.

थांबला म्हणते, कारण तो सुरू कधी झाला ते आमच्यातल्या कुणीच ऐकलं नव्हतं. लांब होता की तुटक, तेही नाही.

"तीन वाजले वाटतं," मैत्रीण म्हणाली. बाहेर मळभ होतं, उन्हावरूनही काही कळेना. मी डबा ओढला आणि पालथा केला. तिन्ही घड्याळांत सव्वादोन.

म्हणजे तो तीनचा भोंगा नव्हता. खिडकीतून नाकात झोंबणारा वास आला आणि रस्त्यावर कुणीतरी किंचाळलं, "वारा कुठला हाय बघा रे!" खेळ चालवणाऱ्यानं टॉवेल भिजवून आमच्या तोंडावर दाबले. "नदीकडं चला, वारा तिकडं वाहत नाय." मी कंपनीच्या रस्त्याला वळले. त्यानं हात धरला. "सोड, नाहीतर थोबाडीत देईन!" म्हटल्यावर सोडला.

कंपनीच्या अलीकडे रस्त्यावर दोरी बांधून बायकांना अडवलं होतं. कुणी रडत होतं, कुणी वॉचमनला शिव्या देत होतं. मला रडूही येईना. आयुष्यात एवढी कधी भ्याले नव्हते. डोक्यात तोच मूर्ख नियम घुमत होता, हात लावता येत नाही, उचलता येत नाही. दादा आत होता आणि मी दोरीच्या अलीकडे.

मग माणसं यायला लागली, तोंडाला ओले रुमाल बांधून. सगळी सारखीच दिसत होती. दादा शेवटच्या घोळक्यात, सायकल ढकलत, डोळे लालभडक. मी धावत जाऊन त्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले.

"अगो, मारतेस काय? मेलो नाय मी!" असं म्हणून हसायला गेला आणि खोकत खाली बसला.

मला वाटलं, आता हा आठवडाभर तरी घरी राहील. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सायकलला डबा अडकवतोय. मी अंगणात जाऊन मागून कॅरिअर धरलं.

"दादा, नको ना रे जाऊस."

तो मागे वळला नाही.

"सोड गो. उशीर झाला तर आत घेत नायत."

खोकत त्यानं पेडलवर पाय ठेवला. मी कॅरिअर सोडलं.