डबाच नव्हता, तर आकडा दिसला कसा?

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि नेमाने हसतो. कुणाला पुलावर पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते, कुणाच्या मामाला विहिरीतून हाक येते. या बायांना दुसऱ्या रंगाची साडी कधीच कशी मिळत नाही, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडत नाही आणि छापणाऱ्यालाही नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. तरी लिहायला बसलोय, कारण माझ्या बाबतीत जे घडलं त्याचा खुलासा मी शिकल्यासवरलेल्या सरकारी माणसांकडे मागितला होता. त्यांनी काय दिलं ते पुढे सांगतोच... तो राग अजून उतरलेला नाही.

मी मूळचा घोटीचा. भातगिरण्यांची जुनी मशिनरी उचलायची, खोलायची, नीट करून विकायची, हा धंदा. त्यावर गंगापूर रोडला बंगला बांधला. शेजारी सगळे डॉक्टर, वकील, प्राध्यापक. समोर 'शेठ', पाठीमागे 'भंगारवाला'. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक फ्लाइंग क्लब बंद पडला आणि त्याचं चार सीटचं विमान लिलावात निघालं. गिरणीचं इंजिन बघतो तसं बघितलं, ठोकून भाव पाडला आणि घेतलं. मग हट्टाने शिकून प्रायव्हेट पायलटचं लायसन्सही काढलं. परीक्षेच्या इंग्रजीत दोनदा आपटलो, तिसऱ्यांदा पास झालो. शेजारच्या वकिलाला स्कूटर धड पार्क करता येत नव्हती, तो मला विचारायचा, "शेठ, विमान किलोवर घेतलं का?"

आता एक तांत्रिक गोष्ट सांगावी लागेल. ती समजली नाही तर पुढचं वाचू नका, वेळ वाया जाईल.

विमानात ट्रान्सपॉन्डर नावाचं यंत्र असतं. जमिनीवरचं रडार विचारतं, 'कोण?' आणि हे यंत्र चार आकडी नंबर सांगतं. त्यावरून रडारवाल्याला तुम्ही कोण आणि कुठे आहात ते कळतं. किती उंचीवर आहात, ते मात्र कळत नाही. उंची कळवायची असेल तर ट्रान्सपॉन्डरला आणखी एक छोटा डबा जोडावा लागतो. त्याला एन्कोडर म्हणतात. डबा नसेल तर रडारवाल्याच्या पडद्यावर तुमच्या ठिपक्याशेजारी उंचीची जागा कोरी राहते. बस, एवढंच.

मुंबईच्या ज्या दलालाकडून मी ट्रान्सपॉन्डर घेतला, तो दोन्ही एकत्रच विकत होता.

"शेठ, ही जोडी आहे. जोडी तोडत नाही."

"चपला आहेत का?" मी म्हणालो. "नंबर सांगणारं दे. उंची मला माहीत असते, मी वर बसलेला असतो."

तासभर घासाघीस झाली. शेवटी वैतागून त्याने डबा कपाटात परत ठेवला आणि नुसता ट्रान्सपॉन्डर माझ्या हातात दिला. डबा कपाटात जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, हे लक्षात ठेवा. तेव्हा माझ्यासारख्याला त्याची सक्तीही नव्हती.

सक्ती नंतर आली. परिपत्रक निघालं की मुंबईच्या हद्दीत शिरायचं तर खासगी विमानालाही उंची कळवणारी यंत्रणा हवीच. असले नियम कोण करतं? ज्याने आयुष्यात पंखासुद्धा स्वतः पुसला नाही तो माणूस. मी तात्पुरत्या सवलतीसाठी अर्ज केला, सवलत मिळाली. ती संपली, पुन्हा अर्ज केला. त्यावर काही उत्तरच आलं नाही. आमच्या बाजारात समोरचा गप्प राहिला की सौदा पक्का धरतात. मी पक्का धरला आणि उडत राहिलो.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मेव्हणीच्या मुलीचा साखरपुडा होता मुंबईला. मी आणि माझी बायको शोभा विमानाने गेलो, जुहूला उतरलो. शोभा येवल्याची. तिला विमानाचं कौतुक नाही, पण कसाऱ्याच्या घाटात गाडी लागते, म्हणून येते. दुसऱ्या दिवशी दुपारी घराजवळच्या ओझर विमानतळाकडे परत निघालो. शोभाच्याही कानाला हेडफोन होता, म्हणजे रेडिओवर जे बोलणं झालं ते दोघांनी ऐकलं.

साडेसहा हजार फुटांवर आलो. पुढे इगतपुरीच्या बाजूला दाट धुकं आणि ढगांचे तुकडे. ते टाळत टाळत मी उजवीकडे, दक्षिणेला सरकत गेलो. काळजी वाटत नव्हती, कारण त्या भागातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, साधारण पाच हजार चारशे फूट. मी त्याच्या हजारभर फूट वर. उंचीचा काटा साडेसहावर स्थिर होता... इतका स्थिर की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तेवढ्यात मुंबई रडारने उंची विचारली. मी सांगितली. आवाज म्हणाला, "मला अठ्ठेचाळीसशे दिसतेय. पुन्हा तपासा."

बोलणं इंग्रजीत होतं, मी मराठीत लिहितोय.

पहिला विचार आला, हा थापा मारतोय. त्याला माझी उंची दिसूच शकत नाही, डबाच नाही. पण हे रेडिओवर कसं सांगणार? 'माझ्याकडे डबा नाही' म्हटलं की उतरल्यावर विमान जप्त. म्हणून मी नुसतं म्हणालो, "साडेसहा हजार. काटा समोर आहे."

"सत्तेचाळीसशे. उतरताय तुम्ही. पुढे डोंगर आहे. ताबडतोब वर चढा."

माझं टाळकं सटकलं. मी सरळ हिंदीत म्हणालो, "साहब, चष्मा साफ करो."

तो चिडला नाही. त्याच आवाजात परत म्हणाला, "चढा. आत्ता."

शोभाने माझ्या दंडाला चिमटा काढला. "अहो, घ्या ना वर! वर जायचे कोण पैसे मागतंय का तुमच्याकडे?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला एवढं कळतं, की तो खोटा निघाला तर तुमचं काय जातंय?"

मी पूर्ण पॉवर दिली, नाक वर घेतलं. भीतीने नाही, त्या दोघांची तोंडं बंद करायला. इंजिन ओरडतंय, विमान चढतंय हे पाठीला कळतंय आणि काटा? साडेसहावरच. जरासुद्धा हलला नाही. मी काचेवर टिचकी मारली, तरी नाही.

थोड्या वेळाने धुकं फाटलं. डाव्या पंखाच्या जरासं खाली कळसूबाईचं देऊळ होतं. बाहेरच्या काठीवरचा भगवा फडका दिसला, लोखंडी शिडी दिसली, शिडीवरचे दोघं-तिघं वर बघत होते. त्यातल्या एकाने चक्क खाली बसून डोक्यावर हात घेतले. शोभाने डोळे मिटले नाहीत. फक्त म्हणाली, "आता बोला."

मी नाक ओझरकडे वळवलं. ओझरला उतरेपर्यंत रेडिओवर पुढे कुणी उंची विचारली नाही.

आमचा इंजिनिअर पिंगळे, सिन्नरकडचा, बोलायला फटकळ. त्याने दुसऱ्या दिवशी विमान उघडलं. काटा का अडकला ते लगेच सापडलं. उंचीचा काटा हवेच्या दाबावर चालतो; बाहेरची हवा त्याला एका बारीक नळीतून येते, तीत पावसाळ्याचं पाणी साचलं होतं. काटा जिथे अडकला तिथेच राहिला आणि विमान हळूहळू उतरत गेलं. यात भूत नाही. पाणी आहे.

मग मी त्याला ट्रान्सपॉन्डरच्या मागे बघायला लावलं.

"काय बघू? डबा नायच इथं. वायरीला टेप मारलेली हाय, मीच मारलेली."

"पण रडारवाल्याला उंची दिसली."

"शेठ, कायतरीच."

"शोभाला विचार."

पिंगळे बराच वेळ टॉर्च मारून बसला. मग म्हणाला, "आन समजा डबा असता, तरी तो ह्याच नळीतून हवा घेतो. तुमच्या काट्यासारखं त्यानंबी साडेसहाच सांगितलं असतं. खरी उंची कुठून येणार?"

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे डबा असता, तर आम्ही दोघं त्या शिडीवरच्या लोकांच्या अंगावर पडलो असतो.

पुढे नोटीस आली. रडारवाल्याने नियमाप्रमाणे रिपोर्ट दिला होता, त्यावरून कागद तपासले गेले आणि माझी सवलत संपलेली निघाली. लायसन्स स्थगित, मुंबईला चौकशी. लायसन्स गेलं तर विमान ठेवण्यात अर्थ नव्हता. विमान ही माझ्याकडची एकच गोष्ट, जी मी विकण्यासाठी घेतली नव्हती.

चौकशीला एक मोठे साहेब होते. टाय, थंडगार खोली, समोर काजू. कोपऱ्यात तो रडारवाला बसला होता, साने नावाचा, पन्नाशीचा, खांदे पडलेला गृहस्थ.

मी साहेबांना म्हणालो, "दोनांतलं एक धरा. माझी उंची तुम्हाला दिसली असेल, तर मी नियम पाळला, लायसन्स परत द्या. दिसली नसेल, तर यांनी मला सत्तेचाळीसशे कुठून सांगितली? टेपवर आवाज आहे यांचा."

साहेबांनी काजू खाल्ला. "तुम्ही वाचलात ना? मग?"

"मला खुलासा पाहिजे."

"खुलासा सोपा आहे. डबा बसवलेला होता. तुम्ही नंतर काढला."

"नव्हता!"

"दुसऱ्या एखाद्या विमानाचा आकडा तुमच्या ठिपक्याला चिकटला असेल."

"दुसरं विमान कळसूबाईच्या खांद्यावर काय करत होतं? नवस फेडत होतं?"

साने खाली बघत होता. साहेबांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात माझ्या तोंडी लिहिलं होतं की त्या दिवशी डबा बसवलेला होता आणि पुढे दुरुस्तीसाठी काढला. सही केली की ताकीद देऊन प्रकरण बंद, लायसन्स परत. त्यांच्या खात्याचीही पाठ थोपटली जाणार होती, की आमच्या यंत्रणेने दोन जीव वाचवले.

"जेवून या," साहेब म्हणाले, "मग सही करा. तुम्ही व्यवहारी माणूस आहात."

ते खरं होतं. सौदा उत्तम होता. मी सही करायचं जवळजवळ ठरवूनच खाली चहाच्या टपरीवर आलो. मागोमाग साने आला. चहा हातात धरून उभा राहिला, प्यायला नाही.

"शेठ, एक विचारायचं होतं. खरंच डबा नव्हता?"

"नव्हता."

त्याने मान हलवली. "मी रिपोर्टात एक गोष्ट लिहिली होती, साहेबांनी काढायला लावली. तुम्ही मुंबईहून निघाल्यापासून तुमच्या ठिपक्याशेजारी उंची कोरीच होती. मी म्हटलं, असेल सवलत. इगतपुरीच्या अलीकडे आकडा एकदम उमटला आणि उतरायला लागला. तुम्ही शिखर ओलांडलंत आणि आकडा गेला. ठिपका तसाच, नंबर तसाच. आकडा गेला. पुन्हा आला नाही."

"शेजारी दुसरा कुणी बघत होता?"

"नाही. मी एकटाच."

"मग मला का सांगता?"

"कारण तुम्ही सही केलीत की ते सगळं रीतसर होईल," साने म्हणाला. "डबा होता, आकडा दिसला, संपलं. मग मला जे दिसलं, ते दिसलं असं म्हणणारा मी एकटाच उरेन. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, रजा घ्या." जरा थांबून म्हणाला, "नका करू सही. माझ्याकडे द्यायला काही नाही. पण नका करू."

चाळीस वर्षं धंदा केला. समोरच्याने काही मागितलं, की बदल्यात काय देतोस हे माझ्या तोंडून आपोआप निघतं. त्या दिवशी निघालं नाही. का, ते विचारू नका. कदाचित वर थंड खोलीत बसलेल्या त्या माणसाला एवढ्या स्वस्तात खुलासा मिळू नये, हेही त्यात असेल. आहेच.

वर गेलो, कागद परत सरकवला. साहेब म्हणाले, "वेडे आहात." मी म्हणालो, "असू देत. पण डबा नव्हता."

लायसन्स गेलं. अपील केलं, तेही गेलं. विमान मी गुजरातकडच्या एका माणसाला विकलं. त्याने भाव पाडला आणि मी पडू दिला. साने पुढे निवृत्त होऊन गावाकडे गेला असं ऐकलं. शोभा म्हणते, ज्याने वाचवलं त्याला हात जोडा आणि गप्प बसा. पण हात जोडायचे कुणाकडे तोंड करून, हे ती सांगत नाही.

मला आजही कारण माहीत नाही. पिंगळेला नाही, सानेला नव्हतं. वाचकांपैकी कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा. फक्त 'डबा असेलच, तुम्ही विसरलात' असं लिहिणाऱ्यांनी पोस्टाचं तिकीट फुकट घालवू नये. डबा नव्हता.