साळवी मॅडमचा खुलासा

दर गुरुवारी सकाळी बरोबर अकरा वाजता साळवी मॅडम एक धडधाकट चालणारा सर्व्हर स्वतःच्या हाताने बंद करायच्या. भरदिवसा, कामाच्या गर्दीत, सगळे आपापल्या जागेवर असताना. नोएडातल्या त्या कंपनीत मी रुजू झालो त्याच्या तिसऱ्याच दिवशी गुरुवार आला. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि मला म्हणाल्या, "मोबाइल काढ. वायफाय बंद कर. आपली साइट उघड आणि उघडतच राहा." मग त्यांनी नोएडाचा सर्व्हर बंद केला. दीडेक मिनिट साइट अडखळली आणि पुन्हा उघडायला लागली, आता मुंबईच्या सर्व्हरवरून. मॅडमनी वहीत वेळ लिहिली, नोएडाचा सर्व्हर परत सुरू केला आणि डबा उघडून मला थालीपीठ दिलं.

वासंती साळवी मूळच्या मिरजेच्या. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे पंचवीस वर्षं दिल्लीत आणि घर सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. मी परभणीचा. यूपीएससीच्या नादात दिल्लीत मुनिरकाच्या एका खोलीत चार वर्षं घालवली, चारही वेळा आपटलो आणि मग पोटासाठी कंप्युटरकडे परतलो. पहिल्या दिवशी मी त्यांना 'ताई' म्हणालो तर म्हणाल्या, "इथे मॅडम म्हण. ताई म्हटलंस की मी तुला माफ करायला लागेन, आणि या कामात माफ करून चालत नाही." हे वाक्य त्यांनी त्या दिवशीही थालीपीठ देतानाच ऐकवलं होतं.

आमची कंपनी एका राज्याच्या नर्सिंग प्रवेशाची साइट चालवायची. त्या राज्यातल्या मुलीला नर्स व्हायचं असेल तर अर्ज त्याच साइटवर भरायचा, दुसरी सोय नाही. सर्व्हर दोन. एक नोएडात आमच्याच इमारतीत, दुसरा मुंबईत. कोणी साइटचं नाव टाकलं की त्याला दोनांपैकी कुठला पत्ता द्यायचा हे डीएनएस ठरवतं, आणि डीएनएसला ते शिकवायचं काम मॅडमचं. दहातल्या सात जणांना नोएडाचा पत्ता, तिघांना मुंबईचा, आणि एक सर्व्हर पडला तर सगळ्यांना दुसऱ्याचा. हे मॅडम स्क्रीनवरची बटणं दाबून करत नसत. एपीआयवरून करायच्या, म्हणजे हुकूम लिहून पाठवायचा आणि यंत्राचं लेखी उत्तर घ्यायचं.

मला समजावताना म्हणाल्या, "सरोजिनीच्या मार्केटात कोणी तुला दुकान विचारलं तर उघडं असेल तेच सांगशील ना? बंद दुकानाचा पत्ता सांगणारा माणूस काही दुष्ट नसतो. त्याने सकाळपासून तिकडे बघितलेलं नसतं, एवढंच. आपण बघायचं."

बघण्याचं त्यांना वेडच होतं. 'मॅडम, बहुतेक चालू आहे' असं कोणी म्हटलं की त्या हातातलं काम ठेवायच्या. "बहुतेक म्हणजे? बघून सांग, वाटून सांगू नको." हुकूम पाठवण्याआधी त्या आधीची नोंद एपीआयवरून मागवून मोठ्याने वाचायच्या. मग बदल करायच्या. यंत्राचं 'झालं' असं उत्तर आलं तरी त्यांचं समाधान नसे. परत मागवून परत वाचायच्या. आणि त्यावरही मिरजेला भावाला फोन. "दादा, ती साइट उघड जरा. उघडली? वर काय दिसतंय ते वाच." त्या बिचाऱ्या दादांचा नर्सिंगशी काडीचा संबंध नव्हता, पण आमच्या कंपनीची सगळ्यात प्रामाणिक तपासणी तेच करत असत.

आमचे मॅनेजर बत्रा यांना हे गुरुवारचं प्रकरण बिल्कुल पसंत नव्हतं. "मॅडम, जो चल रहा है उसको क्यों छेड़ना?" मॅडमची हिंदी दिल्लीत पंचवीस वर्षं राहूनही मिरजेचीच होती. "सर, अभी चल रहा है वो मेरे को भी दिखता है. गिरने के बाद चलेगा क्या, वो देखना पडता है ना." बत्रा मान हलवत निघून जायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्याला शांतता हवी होती, आणि मॅडमच्या आसपास ती टिकत नसे.

त्यांची आणखी एक खोड सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. एपीआयला हुकूम द्यायला एक किल्ली लागते, पासवर्डसारखी. कंपनीत सगळे 'ॲडमिन' नावाची एकच सामाईक किल्ली वापरायचे. त्यामुळे कोणी काय बदललं याच्या नोंदीत सगळीकडे 'ॲडमिन' आणि कुणाच्याच अंगाला काही चिकटायचं नाही. मॅडमनी भांडून स्वतःच्या नावाची किल्ली करून घेतली होती. मी विचारलं, कशाला उगाच? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खजील झालो. "अरे, मी काम करते ना? मग माझं नाव नको?"

नंतर अर्जांचा शेवटचा आठवडा आला. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. बत्रांनी सोमवारीच 'फ्रीज़'चा मेल केला, म्हणजे शुक्रवार संपेपर्यंत कोणीही कशालाही हात लावायचा नाही. मॅडमनीही ते मानलं. त्या आठवड्यात गुरुवारचा प्रयोग नाही असं त्यांनी स्वतःच वहीत लिहिलं. पण हात लावू नका म्हणजे बघूही नका असं थोडंच होतं? बुधवारी सकाळी त्यांनी सगळ्या नोंदी मागवल्या आणि नेहमीसारख्या वाचायला घेतल्या. वाचता वाचता थांबल्या.

डीएनएसने पत्ता दिला की विचारणाऱ्या मोबाइलने किंवा कंप्युटरने तो किती वेळ लक्षात ठेवायचा, याचा एक आकडा असतो. मॅडमनी तो एक मिनिटावर ठेवला होता. म्हणूनच गुरुवारी साइट मिनिट-दीड मिनिटात दुसऱ्या सर्व्हरवर जायची. आता तिथे अख्खा एक दिवस होता. गेल्या शुक्रवारी, म्हणजे मागच्या प्रयोगानंतर, आलेल्या कोणा सल्लागाराने, अहवालात साइट जास्त चपळ दिसावी म्हणून, तो वाढवून ठेवला होता, असं पुढे कानावर आलं. नोंदीत नाव अर्थातच 'ॲडमिन'.

"नितीन, इकडे ये," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी दुपारी नोएडा पडलं, तर काय होईल?"

मी म्हणालो, डीएनएस मुंबईचा पत्ता देईल.

"नव्याने विचारेल त्याला देईल. ज्यांनी आधी विचारलंय ते दिवसभर मेलेल्या सर्व्हरचं दार वाजवत बसतील. आणि मुदत पाचला संपतेय." त्या बोटांवर हिशेब करायला लागल्या. "आत्ता आकडा एक मिनिटावर आणला, तरी ज्यांच्या डोक्यात एक दिवसाचं बसलंय ते उद्यापर्यंत तसंच राहणार. म्हणजे बदल आज व्हायला हवा. शुक्रवारी आग लागल्यावर करून उपयोग नाही."

त्या बत्रांच्या केबिनमध्ये गेल्या, मला सोबत घेऊन. बत्रांनी ऐकून घेतलं. "मॅडम, दो दिन की बात है. कुछ नहीं होगा यार. फ्रीज़ मतलब फ्रीज़." मॅडम म्हणाल्या, "सर, कुछ नहीं होगा वो आपको लगता है. मेरे को लिख के दो." बत्रांनी लिहून दिलं नाही. मॅडम जागेवर आल्या आणि त्यांनीच लिहिलं. कुठला आकडा, किती आहे, किती हवा, का, आणि शेवटी हे की मी हा बदल आज सकाळी करत आहे. बत्रांना पाठवलं, त्यांच्या वरच्यांनाही पाठवलं.

मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. त्यांचा नोकरीचा करार दोन महिन्यांनी नव्याने व्हायचा होता आणि चौपन्नाव्या वर्षी नोएडात बाईमाणसाला दुसरीकडे कोण उभं करणार? मी म्हणालो, "मॅडम, निदान ॲडमिनच्या किल्लीने करा. कोणी केलं ते कळणारच नाही." खरं सांगतो, हे मी त्यांच्या काळजीपोटी बोललो. त्या इतक्या चिडल्या की त्यांचा आवाज उलट खाली गेला. "चोरी करतेय का मी?"

त्यांनी आधीची नोंद मोठ्याने वाचली. मग स्वतःच्या नावाने हुकूम पाठवला. परत नोंद मागवून वाचली. मिरजेला फोन लावला. सगळं आटोपल्यावर वहीत वेळ लिहिली आणि चहा प्यायला गेल्या. चहा त्या दिवशी जरा जास्तच गोड घेतला.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास आमच्या इमारतीबाहेर रस्ता खणणाऱ्या जेसीबीने केबल तोडली. आमच्या दोन लाइनी, एकीला काही झालं तर दुसरी असाव्यात म्हणून घेतलेल्या, एकाच चरातून टाकलेल्या निघाल्या. दोन्ही गेल्या. नोएडाचा सर्व्हर जगापासून तुटला. ऑफिसात बत्रांसह सगळे उभे राहिले. मॅडम बसून होत्या. मोबाइलवर साइट उघडत होत्या, बंद करत होत्या, उघडत होत्या. दीड मिनिटाने त्यांनी फोन खाली ठेवला. "मुंबईवर गेली," म्हणाल्या. पाच वाजेपर्यंत अर्ज येत राहिले. एकाही मुलीला काही कळलं नाही.

आणि तिथेच घोटाळा झाला. काहीच बिघडलं नव्हतं, त्यामुळे काही वाचवलं गेलंय हे दाखवायला हातात पुरावा नव्हता. बत्रांनी वर कळवलं की सिस्टिमने आपोआप सांभाळून घेतलं. आपोआप! पुढच्या आठवड्यात ग्राहकाचे, म्हणजे त्या राज्याचे, ऑडिटर आले. त्यांनी नोंदी काढल्या तर बंदीच्या काळातला एकच बदल सापडला आणि त्यापुढे नाव होतं व्ही. साळवी. आकडा वाढवून ठेवणाऱ्याचा पत्ता नोंदीवरून लागणं शक्यच नव्हतं.

एचआरच्या बाईंनी मॅडमना बोलावलं. त्यांच्या परीने त्या चांगल्या वागल्या. एक ओळीचा खुलासा तयारच ठेवला होता, की हा बदल अनवधानाने झाला, पुन्हा होणार नाही. फक्त सही करायची होती. सही केली की ऑडिटरची फाइल बंद, करारही नव्याने होणार. बत्रासुद्धा म्हणाले, "मॅडम, एक लाइन है बस. कर दीजिए."

मॅडमनी तो कागद मला आणून दाखवला. "अनवधानाने म्हणे. अरे, मी चष्मा लावून केलंय."

मी समजावून पाहिलं. सगळे करतात, कागदाला कोण विचारतं, पुढचं बघा. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "उद्या कोणी हा कागद वाचेल आणि आकडा परत एक दिवसावर नेऊन ठेवेल. म्हणेल, त्या बाईकडून चुकून झालं होतं." त्यांनी नवा कागद घेतला आणि हाताने लिहिलं: 'हा बदल मी केला. विचारलं, नकार मिळाला, मग कळवून केला. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन.' खाली पूर्ण नाव, वासंती श्रीधर साळवी. तेच हिंदीत उतरवून, सही करून त्या देऊन आल्या. करार नव्याने होणार नाही हे त्यांना त्याच दुपारी सांगितलं गेलं.

संध्याकाळी मलाही बोलावणं आलं. माझ्यासाठीही एक ओळ तयार होती. सदर बदलाची मला काहीही कल्पना नव्हती. मी जागेवर परत आलो तेव्हा मॅडम ड्रॉवर आवरत होत्या. मी कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "सही कर. माझं झालं ते झालं. तू आत्ता कुठे रुळतोयस."

मला त्यांचा राग आला. स्वतःसाठी एक नियम आणि माझ्यासाठी दुसरा? चार वर्षं मुनिरकात मी सत्यनिष्ठेवर निबंध लिहिले होते, पानंच्या पानं, आणि इथे एका ओळीला घाबरत होतो याची मला लाज वाटली. मी त्यांच्यासमोरच बसलो आणि कोऱ्या कागदावर लिहिलं, की मला कल्पना होती. मी शेजारीच बसलो होतो. मॅडमनी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बदल केला आणि मी तो पाहिला. तो केला नसता तर शुक्रवारी कितीतरी अर्ज राहिले असते. खाली सही केली.

मॅडमनी कागद हातात घेतला. मला वाटलं फाडतील. वाटलं, रडतीलही. त्यांनी चष्मा लावला आणि सुरुवातीपासून मोठ्याने वाचला. मग पिशवीत ठेवलेली वही परत बाहेर काढली, बुधवारचं पान शोधलं आणि माझ्या ओळीवर बोट ठेवलं.

"अकरा दहा नाही, अकरा बारा," त्या म्हणाल्या. "दुरुस्त कर आणि मग दे."