इंद्रभान हाव म्हणाला

सोमवारी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून इंद्रभान "हाव" म्हणून बसेल, ही धास्ती सत्यभामाबाईंच्या डोक्यातून जात नव्हती. भाकरी थापताना, शाळेत पोरींकडून पाढे म्हणून घेताना एकच चित्र डोळ्यांपुढे यायचं. रंगरावांचा वकील चष्मा वर सरकवून विचारतो आहे, "म्हणजे काम तुम्ही स्वखुशीनं सोडलंत?" आणि आपला पोरगा मान हलवून म्हणतो आहे, "हाव."

तसा तो कशालाही हाव म्हणायचा. समोरचा बोलतो आहे आणि आपण ऐकतो आहोत, एवढाच त्याचा अर्थ. एकदा न्हाव्यानं विचारलं, मिशी काढून टाकू का? इंद्रभानच्या मनात भलताच विचार चालू होता. "हाव," म्हणाला, आणि मिशीशिवाय घरी आला. कामावरचं, कापसाच्या जिनातलं इंजिन खोकायला लागलं की त्यालाही हाव म्हणायचा, जसं काही ते आपलं दुखणं सांगत होतं. त्यात नवल नव्हतं. साऱ्या पिंपळगाव राजा गावात लोक असंच बोलायचे. अमरावतीच्या कॉलेजात शिकलेल्या सत्यभामाबाई तेवढ्या "हो" म्हणायच्या, आणि त्यावरून नवरा त्यांना मास्तरीणबाई म्हणून चिडवायचा.

रंगराव खामगावचे. त्यांचं कापसातून सरकी काढायचं जिन होतं. इंद्रभानला त्यांनी इंजिनावर घेतलं तेव्हा करारनामा झाला होता. तीन हंगाम इंद्रभाननं दुसरीकडे जायचं नाही, आणि कसूर नसताना मालकानं त्याला काढायचं नाही. पहिल्याच हंगामात अकोल्याहून एस.टी.च्या वर्कशॉपचं बोलावणं आलं. पक्की नोकरी. इंद्रभान गेला नाही.

"सही केली ना म्या," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या हंगामात रंगरावांनी आपला भाचा आणून इंजिनाशी उभा केला. त्याला शिकव म्हणाले. इंद्रभाननं जीव लावून शिकवलं. भाचा तयार झाला, त्या दिवशी रंगरावांनी इंद्रभानला अंगणात हाक मारली. त्याचे हात तेलानं माखलेले होते.

"इंद्रभान, तुह्यं मन काही आता इथं लागून नाही राह्यलं. उद्यापासून तू मोकळा, असं समजू ना?"

"हाव," इंद्रभान म्हणाला. 'काऊन पण?' असं कारण विचारणं त्याच्या ओठांवर येईतो रंगराव पाठ फिरवून आत गेले होते. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या माणसानं त्याला अडवलं. "तू तं काम सोडलं म्हनतात."

इंद्रभाननं दावा लावला. त्यावर रंगरावांचा जबाब आला, "वादीस विचारले असता त्याने होय असे स्पष्ट उत्तर देऊन काम सोडले." सत्यभामाबाईंनी तो वाचला आणि त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. होय! ह्या मातीत जन्मलेला माणूस, आयुष्यभर हाव म्हणत आलेला, कोर्टाच्या कागदावर होय लिहितो? हाव म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही? चांगलं ठाऊक आहे. ठाऊक होतं म्हणूनच तसा प्रश्न विचारला.

त्यात न्यायाधीश पुण्याकडचे. महाराष्ट्र झाल्यापासून तिकडची माणसं बदलून इकडे यायची.

"तिकडं हाव म्हनजे लोभ," त्यांचे यजमान नारायणराव म्हणाले. "पोरगा हाव म्हनला तं साहेब विचारतील, कशाची?"

"तुम्हाला थट्टा सुचते!"

"मंग काय रडू?"

इंद्रभानचे वकील खामगावचे माणिकराव. त्यांनी सोपा उपाय सांगितला होता. इंद्रभाननं काही बोललोच नाही असं सांगायचं. साक्षीदार नाही, प्रश्न मिटला. म्हणून शनिवारी सकाळी सत्यभामाबाईंनी मुलाला ओसरीवर उभं केलं आणि स्वतः रंगरावांच्या वकील झाल्या.

"मालकांनी विचारलं तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"काहीच नाही दिलं."

"नक्की?"

"हाव."

"अरे, परत!"

"माय, तू नक्की विचारलं ना! मंग काय म्हनू?"

"हो म्हण. जी म्हण. अगदी मान हलव, पण हाव म्हणू नको!"

नारायणराव वांग्यांची टोपली उतरवत हसले. "आत्ता दोन दिवसांत तू त्याले पुन्याचा करतं का, मास्तरीणबाई? बे इंद्रभान, पगडी बी घालून घे."

इंद्रभान हसला नाही. घरात तो कधी आवाज चढवत नसे. आज चढवला.

"म्या हाव म्हनलं व्हतं, माय! शपथ घिऊन खोटं कायले बोलू? त्याहीनं खोटं लिवलं म्हनून मी बी खोटं बोलू? हाव म्हनलं. शंभर खेप म्हनीन. हाव म्हनजे मी तुमचं आयकून राह्यलो. नोकरी सोडून राह्यलो असं नाही होत! अन् रंगरावाले इचारा ना. तो बी दिसभर हावच म्हनते!"

तो तरातरा मळ्याकडे निघून गेला. सत्यभामाबाई तिथंच उभ्या राहिल्या.

तो बी हावच म्हनते. त्यांना खामगावची ओसरी आठवली. करारनामा झाला त्या दिवशी त्यांनीच तो मोठ्यानं वाचून दाखवला होता. रंगराव सुपारी कातरत बसले होते. तीन हंगाम. "हाव." कसूर नसताना काढायचं नाही. "हाव." प्रत्येक कलमाला हाव. सत्यभामाबाईंना वाटलं होतं, माणूस मनापासून कबूल होतो आहे. आणि तो नुसता ऐकत होता!

संतापानं त्यांचे कान तापले. रंगरावांचं स्वतःचं हाव नुसतं ऐकण्यापुरतं, आणि इंद्रभानचं हाव म्हणजे राजीनामा? हे कोर्टातच विचारायला हवं, सरळ, रंगरावांना पिंजऱ्यात उभं करून. करार वाचला तेव्हा तुम्ही हाव म्हणालात की नाही? हाव म्हणजे होय असेल, तर तुम्ही दिलेला शब्द मोडला. ऐकतो आहे एवढंच असेल, तर माझ्या मुलानं काम सोडलंच नव्हतं. सांगा, कोणतं? पण त्यासाठी इंद्रभाननं आधी हाव म्हटल्याचं कबूल करायला हवं. तो करेलच. माणिकरावांनी मध्ये पडून त्याला खोटं बोलायला लावू नये म्हणजे झालं.

त्यांनी पदर खोचला. "पोस्टात जाऊन वकिलांना फोन लावते. सोमवारी माझा पोरगा खरं तेच बोलेल म्हणून सांगते. आणि रंगरावांना काय विचारायचं, तेही."

नारायणरावांच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. वकिलाला शिकवायला निघालेली बायको त्यांनी कधी पाहिली नव्हती. "पोस्टात? साऱ्या गावाच्या मधात उभं राहून? तिथून बोललेलं खामगावले जायच्या आधी रंगरावाच्या सोयऱ्याले आयकू जाते. त्याचा वकील तयारी करून येईन. राहू दे. सोमवारी तोंडानं सांगजो."

सोमवारी पिंजऱ्याच्या दारात माणिकराव ऐकायचे नाहीत. आणि गावानं ऐकलं तर ऐकू दे. रंगरावांनी तयारी करून यावं. दोन्हीतलं एक उत्तर तर द्यावंच लागेल.

"आयकलं का, काय म्हनून राह्यलो मी?" नारायणराव म्हणाले. "जाऊ नको."

"हाव," सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि चपला पायात सरकवून पोस्टाकडे निघाल्या.