उत्तर नंबर तीन

धम्मशीला,

तुझा फोन लागत नाही. परवा तुझ्या दाराची बेल वाजवली तर वरच्या खिडकीचा पडदा हलला आणि दार उघडलं नाही. गाडी लावायला जागा नव्हती म्हणून दोन गल्ल्या पलीकडे लावून, गुडघ्याला शिव्या देत चालत आले होते. असो. पत्र तरी वाचशील.

विहारात तुझी गोष्ट लोक आपापल्या सोयीने सांगताहेत. अर्धे म्हणतात तू परीक्षेत कॉपी केलीस. उरलेले 'बिचारी' म्हणतात, आणि त्यांचा मला जास्त राग येतो. तेव्हा मी ती पहिल्यापासून लिहून काढते आहे, तू समोर बसलेली नाहीस असं धरून. कुठे चुकलं तर ये आणि तोंडावर सांग.

वर्धेच्या खोऱ्यातल्या एका कोळसा खाणीत बबन नावाचा कामगार होता. कॉलनीतल्या त्याच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर एका उन्हाळ्यात चार बोटं खचलं. साहेब आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, उंदरांनी पोखरलंय. बबन रोज खाली उतरणारा माणूस. आपल्या चुलीखालचा कोळसा कुणी आणि कधी काढला हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण क्वार्टर साहेबाच्या हातातलं, म्हणून तो गप्प बसला. त्याच्या बायकोने, गयाबाईने, खचलेल्या जागी एक फळी टाकली आणि पुढे कैक वर्षं त्या फळीवर बसून भाकऱ्या थापल्या. त्यांची मुलगी धम्मशीला ती फळी बघत मोठी झाली. नागपूरला जिऑलॉजी शिकली, मग इंग्लंडात मास्टर्स केलं, आणि बर्मिंगहॅममधल्या एका कन्सल्टन्सीत नोकरीला लागली.

काम चिखलाचं. घरं बांधायच्या आधी जमिनीत खोल भोकं पाडतात आणि खाली काय आहे ते जिऑलॉजिस्ट लिहून देतो. धम्मशीला उंचीने बेताची. पुरुषांच्या मापाचं पिवळं जॅकेट तिच्या गुडघ्यापर्यंत यायचं. ड्रिलर तिला 'डी' म्हणायचे. ती त्यांच्या व्हॅनमध्ये बसून फॉइलमधली पोळीभाजी खायची आणि त्यांच्या चहाला, तोंडावर, गटाराचं पाणी म्हणायची. ते हसायचे. माणसांशी तिचं कधी वाकडं नव्हतं, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे तिला भांडखोर ठरवण्यात आलं.

बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला जुन्या खाणींनी जमिनीची चाळण करून ठेवली आहे. तिथे एका जागेवर घरं व्हायची होती. भोक पाडताना दांड्यांमधून सतत पाणी सोडतात आणि ते गाळ घेऊन वर येतं. त्या दिवशी दांड्या एकाएकी सरकन खाली गेल्या. पंप चालू, पाणी जातंय, आणि वर थेंब येत नाही. ड्रिलरने टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "डी, खाली काहीच नाही." तिने लिहिलं: पोकळी.

मॅनेजरने ते खोडून 'तुटलेला खडक' करायला सांगितलं. पोकळी म्हटलं की ती काँक्रीटने भरणं आलं, खर्च आला, आणि गिऱ्हाईक पळालं. ती नाही म्हणाली. त्याने स्वतः बदललं, कारण रिपोर्टवर सही त्याची होती. तो चार्टर्ड, म्हणजे जिऑलॉजिस्टांच्या संस्थेची सनद असलेला, ती नाही. या देशात चार्टर नसलेला जिऑलॉजिस्ट रिपोर्ट लिहू शकतो, पण त्याखाली सही दुसऱ्याची. तेव्हा धम्मशीलाने थेट बांधणाऱ्याला आणि कौन्सिलला कळवलं. पुन्हा भोकं पाडली गेली, पोकळी भरली, आणि मगच घरं झाली. त्यांत आज माणसं राहतात, पडदे लावतात, पोरं वाढवतात. तिची नोकरी मात्र 'रिस्ट्रक्चरिंग'मध्ये गेली. तो हिवाळा तिने गोदामात खोकी चिकटवून काढला.

दुसऱ्या कंपनीत लागली तेव्हा तिने ठरवलं, चार्टर घ्यायचाच. पगाराकरता नव्हे. आपण लिहिलेला 'पोकळी' हा शब्द परत कुणाला खोडता येऊ नये, एवढ्याचकरता.

चार्टरसाठी मुलाखत असते, आणि तिच्यात व्यावसायिक नीतीचा प्रश्न हमखास येतो: मालकाचं हित आणि लोकांची सुरक्षितता यांत ओढाताण झाली तेव्हा तुम्ही काय केलंत, स्वतःचा अनुभव सांगा. आमच्याकडच्या मुलांचं घोडं तिथे अडायचं. तांत्रिक बाजू सगळी पाठ, आणि 'स्वतःचा अनुभव' म्हटलं की पुन्हा पुस्तकातलीच वाक्यं. म्हणून आमच्या विहारातला राजेंद्र शनिवारी मिल्टन कीन्सहून यायचा आणि माझ्या पुढच्या खोलीत वर्ग घ्यायचा. तो स्वतः चार्टर्ड. पैसा घेत नसे. उलट डबा भरून साबुदाणेवडे आणायचा. दोनदा नापास झाल्यावर त्याने शपथ घेतली होती की आपल्यातलं कुणी यापुढे नापास होणार नाही.

"इंग्रज पोरांना हे सगळं जेवणाच्या टेबलावर त्यांच्या काका-मामांकडून मिळतं," तो म्हणायचा. "आपल्याला कोण देणार? आपणच एकमेकांना द्यायचं."

यात खोटं काही नव्हतं. माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं. चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

धम्मशीलाने तिथे पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली. दांड्या, पाणी, ड्रिलरची टोपी, मॅनेजर, गोदाम. भावनाने डोळे पुसले. ती धम्मशीलाची जवळची मैत्रीण, तीही याच क्षेत्रातली.

"हे सोनं आहे," राजेंद्र म्हणाला. "फक्त शेवट बदल."

"बदल म्हणजे?"

"नोकरी गेली ते नको. पॅनेलला वाटतं बाई भांडखोर आहे. तू मॅनेजरला समजावलंस, त्याने ऐकलं. टीमवर्क."

"दादा, त्याने ऐकलं नाही."

"ऐकलं असतं तर बरं झालं असतं ना? मग तेच सांगायचं."

सगळे हसले. तीही हसली. एथिक्सच्या तालमीत मास्तर खोटं बोलायला शिकवतोय आणि आम्ही सगळे वडे खातोय, असा तो प्रकार.

मग गयाबाईला अर्धांगवायू झाला. धम्मशीला नागपूरला गेली, आईजवळ राहिली, आणि तिची मुलाखत वर्षभर लांबली. त्या वर्षात भावना पास झाली. वर्गातला इंद्रजित पास झाला. आणखी एक मुलगा पास झाला. धम्मशीलाने तिघांनाही नागपूरहून अभिनंदनाचे फोन केले.

ती परतल्यावर तिची मुलाखत लंडनला झाली. समोर दोघं: एक पिकल्या दाढीचा गृहस्थ आणि एक काटक बाई. तांत्रिक भाग झकास गेला. मग तो प्रश्न आला आणि तिने सुरुवात केली.

"दांड्या अचानक खाली गेल्या. ड्रिलरने पंप चालूच ठेवला, पण पाणी..."

"वर आलंच नाही," दाढीवाला म्हणाला.

तिला वाटलं, जुना माणूस आहे, त्याने असं खूप पाहिलं असेल. ती हसली.

"मग ड्रिलरने टोपी काढून डोकं खाजवलं," तो म्हणाला. त्याने पेन खाली ठेवलं होतं.

टोपीपर्यंत ती अजून पोचलीच नव्हती. तरी तिने सांगितलं, शेवटपर्यंत, जसं घडलं तसं: मॅनेजर, कौन्सिल, गेलेली नोकरी.

बाई शांतपणे म्हणाल्या, "आधीच्या उमेदवारांच्या उदाहरणात मॅनेजर ऐकतो. तुमच्यात नोकरी जाते. ही भर तुम्ही का घातलीत?"

भर. जे तिने भोगलं त्याला भर, आणि राजेंद्रने माझ्या सोफ्यावर बसून रचलं ते मूळ.

परतीच्या ट्रेनमध्ये दाराजवळ उभी राहून तिने भावनाला फोन लावला.

"मुलाखतीत तू कोणतं उदाहरण दिलंस?"

"रागावू नकोस गं. नंबर तीन दिलं."

"नंबर तीन म्हणजे?"

"राजेंद्रसरांनी उत्तरांना नंबर दिलेत. एक गिफ्टचं, दोन डेटाचं, तीन पोकळीचं. तू इथे नव्हतीस, मला वाटलं तुला विचारलं असेल."

"टोपीसकट दिलंस?"

"टोपी ठेवा असं सरच म्हणाले. डिटेलने खरं वाटतं म्हणे."

धम्मशीला एवढंच म्हणाली, "ते खरंच होतं, भावना." आणि फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी ती राजेंद्रशी बोलली. माझ्याच स्वयंपाकघरात बसून, स्पीकर चालू ठेवून, म्हणून शब्द न् शब्द मला माहीत आहे.

"मी तुला शेवट बदलायला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"बदलला असता तर चौथी कॉपी झाली असती."

"कॉपी काय म्हणतेस? आपल्या समाजात अनुभव काही एकट्याचा नसतो. तुझं ते सगळ्यांच्या उपयोगी पडलं, याचा अभिमान वाटायला हवा."

"नोकरी गेली तेव्हा एकटीची गेली होती, दादा. खोकी चिकटवायला कुणी आलं नव्हतं."

तिने फोन जवळ ओढला.

"तुम्ही संस्थेला कळवा," ती म्हणाली. "गोष्ट माझी आहे, मी ती तुमच्या वर्गात सांगितली, एवढंच."

"एवढंच? तिघांचे चार्टर जातील. इंद्रजितचा व्हिसा त्या नोकरीवर आहे, त्याची बायको बाळंत व्हायची आहे. माझं तर विचारूच नकोस. त्यापेक्षा दोन वर्षं थांब. परत बस. दुसरं उदाहरण दे."

"माझ्याकडे दुसरं नाही."

"बनवू आपण."

नीतीच्या परीक्षेसाठी अनुभव बनवून देतो म्हणाला. शांतपणे, मायेने. मी गॅस बंद केला, कारण हाताशी उकळतं दूध होतं आणि माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

आठवड्याने संस्थेचं पत्र आलं. उदाहरण तुमचंच असेल तर तसं एका चार्टर्ड माणसाने लिहून द्यावं, आणि आणखी कुणाला ते माहीत होतं तेही सांगावं. नाहीतर निकाल नापास, प्रकरण शिस्त समितीकडे. मी लिहून देते म्हटलं तर चालणार नव्हतं. मी भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई, त्यांच्या लेखी नुसती मैत्रीण. जुना मॅनेजर चार्टर्ड होता, तो काय लिहिणार ते उघड आहे. भावना, इंद्रजित लिहिते तर आपलेच चार्टर घालवते. राहिला राजेंद्र. त्याने दोन ओळी लिहायच्या होत्या, फक्त दोन. तो लिहीना, आणि धम्मशीला कुणाचं नाव घेईना. ज्या बाईने मॅनेजरची भीड ठेवली नाही, ती आपल्या माणसांपुढे गप्प झाली. तिचा बाप साहेबापुढे झाला होता, तशीच.

इथपर्यंत झालेली गोष्ट. आता परत तुझ्याशी बोलते.

आपण त्या शनिवारी मिल्टन कीन्सला जायचं ठरवलं होतं. त्याच्या घरी, त्याच्या समोर बसून, कागद आणि पेन पुढे ठेवून. त्याचा वड्यांचा रिकामा डबा माझ्याकडे राहिला होता. तो परत द्यायला आलो म्हणू, असं मीच सुचवलं. तू म्हणालीस, "मावशी, तुम्हाला बहाणा लागतो होय?" त्या दिवसांत तुला हसताना मी एकदाच पाहिलं, ते तेव्हा. सकाळी तू खाली आलीस, गाडीत बसलीस, पट्टा लावलास. मी गाडी सुरूही केली होती.

मग तू म्हणालीस, "मावशी, तेव्हा मी बोलले, कारण त्या पोकळीवर माणसं राहायला येणार होती. इथे वर कोण राहतंय?"

मी म्हटलं, "तू."

मग पट्टा काढलास आणि उतरलीस. "पुढच्या शनिवारी जाऊ," म्हणालीस, माझ्याकडे न बघता.

पुढचा शनिवार आला आणि गेला. संस्थेने दिलेली मुदतही गेली. राजेंद्रचा वर्ग मी बंद केला. तो आता भावनाच्या घरी भरतो म्हणे, आणि नवी मुलं येतात. नंबर तीन अजून शिकवतो की नाही, मी विचारलेलं नाही.

त्याचा डबा गाडीच्या मागच्या सीटवर आहे. वळणावर झाकण वाजतं.

— अरुणामावशी